गोळीने आणलेली पाळी : एका कृत्रिम महिन्याचा इतिहास

१/ सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत संप्रेरके असतात आणि उरलेल्या ७ गोळ्यांत केवळ लोह. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो आणि गोळी घेणारी स्त्री म्हणते, ‘पाळी आली.’ शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही नेहमीची पाळी नव्हे, कारण त्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडलेलेच नसते. हा स्राव घडवून आणलेला असतो. तो घडवून आणावा, हा निर्णय सुमारे सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. तो कोणी घेतला, कशासाठी घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ प्रथम शरीराची रीत थोडक्यात पाहू. महिन्याच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढवते. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन ते अस्तर मऊ, पोषक करून धरून ठेवते. गर्भ राहिला नाही, तर दोन्ही संप्रेरकांची पातळी कोसळते, अस्तराचा आधार जातो आणि ते रक्तासह बाहेर पडते. म्हणजे रक्तस्राव हा संप्रेरकांच्या माघारीचा परिणाम आहे. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

३/ आज इतके सोपे वाटणारे हे ज्ञान फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय वैद्यांची अशी समजूत होती की स्त्रीबीज रक्तस्रावाच्या सुमारासच बाहेर पडते. त्यामुळे ‘महिन्याच्या मधले दिवस सुरक्षित’ असा सल्ला जोडप्यांना दिला जाई. नेमका उलटा! जपानमधील क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियातील हेरमान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे योग्य काळ दाखवून दिला. १९२९ मध्ये जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड अॅलन यांनी प्रोजेस्टेरॉनचे कार्य सिद्ध केले. आणि १९४० मध्ये जे. ई. मार्की या शास्त्रज्ञाने एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने ऱ्हीसस माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे तिच्याच डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रोपले. ते तिथे रुजले, संप्रेरकांच्या तालावर वाढले आणि वेळ येताच डोळ्यातच स्रवले. पाळी प्रत्यक्ष घडताना माणसाने पाहिली ती अशी, पारदर्शक बुबुळाच्या खिडकीतून.

४/ आता माणसांकडे वळू. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१६ मध्ये संततिनियमन केंद्र काढल्याबद्दल तुरुंगात गेलेली परिचारिका मार्गारेट सँगर हे या कथेतील पहिले नाव. १९३५ च्या डिसेंबरात ती वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटली होती. संयमाखेरीज अन्य कृत्रिम साधने गांधीजींना मान्य नव्हती, ती भेटीनंतरही झाली नाहीत. महाराष्ट्रात मात्र तिचा एक समानधर्मी आधीपासून लढत होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, प्राध्यापकाची नोकरी गमावली, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यापायी खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

५/ कर्वे १९५३ च्या ऑक्टोबरात निवर्तले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सँगरने आपली मैत्रीण कॅथरीन मॅकॉर्मिक हिला मॅसॅच्युसेट्समधील श्रूझबरी गावी नेले. मॅकॉर्मिक १९०४ ची एमआयटीची जीवशास्त्र पदवीधर, कोट्यधीश घराण्याची विधवा. युरोपातून आणलेल्या पोशाखांच्या शिवणीत गर्भनिरोधक टोप्या दडवून तिने त्या अमेरिकेत चोरून पोहोचवल्या होत्या. श्रूझबरीच्या वूस्टर फाउंडेशन या प्रयोगशाळेत ग्रेगरी पिंकस आणि त्यांचे सहकारी एम. सी. चँग सशांवर प्रोजेस्टेरॉनचे प्रयोग करीत होते. बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिले की सशिणीचे बीज बाहेर पडत नाही, असे त्यांना दिसले होते. मॅकॉर्मिकने धनादेश लिहिला आणि पुढे लिहीतच राहिली. तिची एकूण मदत सुमारे २० लाख डॉलरच्या घरात गेली. सरकारचा किंवा मोठ्या औषध कंपनीचा पैसा आरंभी या कामात नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

६/ सशांवरून स्त्रियांकडे जायचे, तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा. पिंकस यांनी गाठले जॉन रॉक यांना. हार्वर्डचे प्राध्यापक, नित्य प्रार्थनेला जाणारे निष्ठावान कॅथलिक, पाच मुलांचे वडील. गंमत अशी की रॉक गर्भ *राहावा* म्हणून हीच संप्रेरके देत होते. त्यांनी ८० वंध्य स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन सलग तीन महिने दिले. अंडाशयाला विश्रांती मिळेल आणि औषध थांबल्यावर ते उसळी घेईल, ही कल्पना. औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांत त्यांपैकी १३ जणींना दिवस राहिले.

७/ पण त्या तीन महिन्यांत एक क्रूर प्रकार घडला. सलग संप्रेरके चालू असल्याने पाळी थांबली. मळमळ सुरू झाली, स्तन जड झाले. वर्षानुवर्षे मुलाची वाट पाहणाऱ्या त्या स्त्रियांना वाटले, दिवस गेले! रॉक यांनी आधी समजावून सांगूनही आशा आवरत नसे. मग औषध थांबे, रक्त येई आणि सारे पुन्हा कोसळे.

पिंकस यांनी यावर तोडगा सुचवला. पाळीच्या पाचव्या दिवसापासून २० दिवस औषध द्यावे, मग थांबवावे. थांबताच संप्रेरकांची माघार होईल, स्राव होईल आणि आपण गरोदर नाही हे त्या स्त्रीला कळेल. माझ्या मते या संपूर्ण कथेतील सर्वांत दूरगामी निर्णय हाच. गोळीचा ‘महिना’ इथे जन्मला. औषधाच्या परिणामासाठी त्या खंडाची गरज नव्हती. गरज होती ती दिलाशाची, आणि अपरिचित औषध परिचित वाटण्याची.

८/ तोंडावाटे दिलेले प्रोजेस्टेरॉन फारच मोठ्या मात्रेत लागे, ते महाग होते आणि त्याचा भरवसाही नव्हता. कित्येक स्त्रियांना औषध चालू असतानाच मध्ये रक्त दिसे. उपाय आला रसायनशास्त्रातून. मेक्सिकोच्या रानातील बार्बास्को नावाच्या कंदापासून संप्रेरके बनवण्याची वाट रसेल मार्कर याने दाखवली होती. मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीत १९५१ च्या ऑक्टोबरात लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनज्ञाने कार्ल जेरासी व जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या मार्गदर्शनाखाली नॉरएथिस्टेरॉन तयार केले. तोंडावाटे घेतले तरी हे रेणू प्रभावी ठरत. त्याच सुमारास शिकागोजवळच्या सर्ल कंपनीत फ्रँक कोल्टन यांनी त्याचा जवळचा भाऊ नॉरएथिनोड्रेल बनवला. १९५४ च्या अखेरीस रॉक यांनी ५० स्त्रियांवर अशी तीन संयुगे तपासली. स्त्रीबीज थांबले, आणि पुढील कामासाठी निवड झाली सर्लच्या संयुगाची.

९/ इथे इतिहासात एक अशुद्धी शिरते, आणि ती अक्षरशः अशुद्धी आहे. सर्लचे नमुने पूर्ण शुद्ध नव्हते. त्यांत मेस्ट्रॅनॉल नावाच्या इस्ट्रोजेनचा अंश मिसळलेला आढळला. शास्त्रज्ञांनी स्वाभाविकपणे तो काढून टाकायला सांगितले. शुद्ध नमुना आला आणि स्त्रियांना मधूनच होणारा रक्तस्राव *वाढला*. त्या मिसळणीतले इस्ट्रोजेन अस्तर सावरून धरत होते, हे तेव्हा कळले. एकटे प्रोजेस्टिन अस्तर इतके पातळ आणि नाजूक करते की ते वाटेल तेव्हा ठिपक्याठिपक्यांनी झिरपू लागते.

मग मेस्ट्रॅनॉल मुद्दाम परत घालण्यात आले. ‘इनोव्हिड’ या पहिल्या गोळीत ९.८५ मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल आणि ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रॅनॉल असे प्रमाण ठरले. स्त्रीबीज रोखण्याचा मुख्य भार प्रोजेस्टिनवर होता. इस्ट्रोजेनची नेमणूक झाली ती प्रामुख्याने रक्त शिस्तीत ठेवण्यासाठी. या नेमणुकीची आठवण पुढे पुन्हा काढावी लागणार आहे.

१०/ मोठी चाचणी कुठे घ्यायची? मॅसॅच्युसेट्समध्ये १८७९ च्या कायद्याने गर्भनिरोधक देणे हाच गुन्हा होता. मॅकॉर्मिकने एका पत्रात प्रयोगासाठी स्त्रियांचा ‘पिंजरा’ कुठून आणायचा, अशा शब्दांत आपली अधीरता व्यक्त केली होती. ज्या बाईने स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्याची कित्येक वर्षे दिली, तिच्याच लेखणीतून हा शब्द उतरावा! आधी वूस्टरच्या मनोरुग्णालयातील रुग्णांवर प्रयोग झाले. तिथे संमतीचा प्रश्न कोणाला फारसा पडला नाही. मग दृष्टी गेली कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटाकडे. बेट अमेरिकेच्या अमलाखाली होते, पण तिथे संततिनियमन १९३७ पासून कायदेशीर होते, दवाखान्यांचे जाळे होते आणि दारिद्र्यही होते.

११/ १९५६ च्या एप्रिलमध्ये सान हुआनच्या रिओ पिएद्रास भागातील नव्या सरकारी वसाहतीत काम सुरू झाले. झोपडपट्टी उठवून तिथे वसवलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना गोळ्या मिळू लागल्या. या गोळीने मूल होणार नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. हे औषध अजून चाचणीत आहे, हे सांगण्याची तसदी घेतली गेली नाही. अनेक मुलांनंतर आणखी एक नको, एवढीच त्यांची निकड होती आणि ती खरी होती. त्यांना केवळ फसवले गेले असे म्हणून हा विषय संपत नाही. गोळीसाठी त्या रांगा लावत, नव्या नावांची भर सतत पडे. पण निवड त्यांची असली, तरी माहिती दुसऱ्याच्या हातात होती.

१२/ कामाची प्रमुख होती डॉ. एड्रिस राइस-रे. तिचा अहवाल दुधारी होता. नियमाने घेतल्यास गोळी गर्भधारणा हमखास टाळते, असे तिने कळवले. त्याचबरोबर १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी, उलट्या होतात, म्हणून ही गोळी सर्वसाधारण वापरास योग्य नाही, हेही कळवले. पिंकस आणि रॉक यांनी या तक्रारी पुष्कळशा मनाच्या मानल्या. पिंकस यांनी काहींना निव्वळ नकली गोळ्या धोक्याच्या सूचनेसह देऊन पाहिल्या. त्यांनाही त्रास झाला, तेव्हा आपले म्हणणे सिद्ध झाले असे त्यांना वाटले. इनोव्हिडमधील संप्रेरकांची मात्रा आजच्या गोळीच्या कितीतरी पट होती, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या बायका खरे सांगत होत्या.

१३/ अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९५७ मध्ये इनोव्हिडला परवानगी दिली ती ‘पाळीच्या तक्रारीं’साठी. हे औषध घेत असताना गर्भधारणा होत नाही, असा इशारा लेबलावर होता. इशारा कसला, जाहिरातच ती! पाळीच्या तक्रारी असणाऱ्या स्त्रियांची संख्या देशात अचानक वाढली. १९५९ पर्यंत सुमारे पाच लाख स्त्रिया हे औषध घेत होत्या. गर्भनिरोधक म्हणून अधिकृत मान्यता १९६० मध्ये मिळाली. पश्चिम जर्मनीत शेरिंग कंपनीची ‘अनोव्लार’ १९६१ मध्ये आली, तीही पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणून आणि विवाहित स्त्रियांपुरतीच. ‘पाळी नियमित करणे’ हे शब्द त्या काळी किती दारे उघडत, हे यावरून दिसते.

१४/ गोळ्यांचे गोल किंवा वारांची नावे छापलेले पाकीट आले, त्याचे श्रेय एका नवऱ्याच्या विसरभोळेपणाला... नव्हे, काळजीला. इलिनॉयमधील अभियंता डेव्हिड वॅग्नर याच्या पत्नीने चौथ्या मुलानंतर १९६१ मध्ये इनोव्हिड सुरू केले. गोळ्या सुट्या, बाटलीत. आज घेतली की नाही, यावरून घरात कटकट. त्याने आधी कागदावर वार मांडून त्यावर गोळ्या ठेवल्या; कागद खाली पडला आणि गोळ्या विखुरल्या. मग त्याने प्लास्टिकची फिरती तबकडी घडवली. १९६३ मध्ये तशाच धर्तीची डबी बाजारात आली. पुढे २० ऐवजी २१ गोळ्या आणि ७ दिवसांचा खंड रूढ झाला, म्हणजे नवे पाकीट नेहमी त्याच वारी सुरू होणार. चंद्राचा नव्हे, अंडाशयाचा नव्हे, आठवड्याच्या दिनदर्शिकेचा महिना स्त्रीच्या शरीराला मिळाला. सात रिकाम्या दिवसांत सवय मोडू नये म्हणून कंपन्यांनी पुढे तिथे नकली गोळ्या घातल्या. आपल्याकडे त्या जागी लोह आले.

१५/ आता पोपची गोष्ट. ‘गोळीतील सात दिवसांचा खंड पोपला खूश करण्यासाठी ठेवला गेला’ हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. त्यात सत्याचा अंश आहे, पण क्रम उलटा आहे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये सुरक्षित काळाची पद्धत कॅथलिकांना मान्य केली होती. रॉक यांचा युक्तिवाद असा की गोळी निसर्गाचाच सुरक्षित काळ वाढवते, निसर्गाचेच संप्रेरक वापरते, चक्रही मोडत नाही. मग ती निषिद्ध कशी? १९६३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे जाहीरपणे मांडले. नियमित येणारा स्राव त्या युक्तिवादाच्या कामी आला, हे खरे. पण तो स्राव आधीच, वंध्यत्वाच्या दवाखान्यात, वेगळ्याच कारणाने ठरला होता. पोप सहावे पॉल यांच्या आयोगातील बहुसंख्य सदस्य शिथिलतेच्या बाजूने होते. तरीही १९६८ च्या जुलैमध्ये ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकाने गोळी निषिद्ध ठरवली. खंड ठेवूनही पोप खूश झाले नाहीत! रॉक यांनी गोळीला नैसर्गिक ठरवण्याची धडपड केली. चर्चने तिला नैसर्गिक मानले नाही. आणि जगभरच्या कोट्यवधी स्त्रियांनी मात्र दर महिन्याचे रक्त पाहून तिला नैसर्गिक मानले.

१६/ आता त्या इस्ट्रोजेनची आठवण काढू. १९६१ मध्ये इंग्लंडच्या सफोक भागातील एका साध्या गावडॉक्टरने, डब्ल्यू. एम. जॉर्डन यांनी, ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिले: गर्भाशयाच्या विकारासाठी इनोव्हिड घेणाऱ्या त्यांच्या एका रुग्ण स्त्रीच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. एका घटनेने काही सिद्ध होत नाही. पण घटना वाढत गेल्या आणि १९६८ मध्ये इनमन व व्हेसी यांच्या ब्रिटिश अभ्यासाने संबंध पक्का केला. दोषी बव्हंशी इस्ट्रोजेन, आणि मात्रा जितकी मोठी तितका धोका मोठा. १९६९ अखेरीस ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला. इनोव्हिडमध्ये ते १५० होते.

बाहेर अवेळी रक्त दिसू नये म्हणून जो घटक घातला, तोच आत रक्त गोठवत होता.

१७/ त्याच वर्षी पत्रकार बार्बरा सीमन हिचे गोळीच्या धोक्यांवरील पुस्तक आले आणि १९७० च्या जानेवारीत सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी सुनावणी सुरू केली. साक्षीला बोलावलेल्यांत गोळी घेणारी एकही स्त्री नव्हती. प्रेक्षकांत बसलेली अॅलिस वुल्फसन आणि तिच्या मैत्रिणी उठल्या आणि कॅमेऱ्यांसमोर प्रश्न विचारू लागल्या: आम्हांला हे का सांगितले नाही? त्या वर्षीच गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालण्याचा आदेश निघाला. औषधासोबत मिळणारी ती बारीक अक्षरांतली घडी आपण न वाचता टाकून देतो; तिच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक. प्वेर्तो रिकोतील स्त्रियांना जे मिळाले नव्हते ते हेच.

१८/ मात्रा उतरत गेली. आजच्या ‘माला-एन’मध्ये इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आहे. धोका घटला, नाहीसा झाला नाही. आणि इस्ट्रोजेन कमी झाले की जुना प्रश्न डोके वर काढणारच: गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधूनच डाग दिसणे. शरीर नव्या संप्रेरकांशी जुळवून घेत असते, अस्तर पातळ होत असते. बहुतेकींचे ते आपोआप थांबते. गोळी चुकली किंवा वेळ फार पुढेमागे झाली, तरी हेच घडते. काही काळाने कित्येकींचा सात दिवसांतला स्रावही अगदी अल्प होतो, कधी येतच नाही; झडण्याजोगे अस्तरच उरलेले नसते. एके काळी रॉक यांच्या रुग्ण स्त्रियांना जी खोटी आशा वाटली, तीच इथे खोटी भीती होते.

१९/ आणि गोळी सोडल्यावर? थांबवताच येणारा पहिला स्राव हा पुन्हा माघारीचाच. त्यानंतर मेंदू आणि अंडाशय यांचा संवाद नव्याने जुळतो आणि खरी पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत, बहुतेक स्त्रियांना तीन महिन्यांच्या आत येते. १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या नियतकालिकांत वेगळीच चिंता दिसते. गोळी सोडल्यावर महिनोन्‌महिने पाळी न आलेल्या स्त्रियांची वर्णने येऊ लागली आणि गोळीने अंडाशय कायमचे दडपले की काय, असा प्रश्न उभा राहिला. पुढे आढळले की त्यांपैकी पुष्कळजणींची पाळी गोळीपूर्वीही अनियमित होती. काहींचे वजन फार घटलेले होते, काहींना अन्य संप्रेरक-विकार होते. गोळीने आणलेल्या नियमित स्रावाने वर्षानुवर्षे ते झाकून ठेवले होते. घड्याळ बंद पडलेले असावे आणि कोणी दर तासाला बाहेरून टोले देत राहावे, तसे. म्हणूनच गोळी सोडून तीन महिने उलटले तरी पाळी आली नाही, तर डॉक्टर गोळीला दोष देऊन थांबत नाहीत. गर्भधारणा नाही ना हे पाहून मूळ कारण शोधतात.

२०/ भारतातील कथा वेगळ्या वळणाने जाते, पण रक्त तिथेही मध्यवर्ती आहे. १९५१ मध्ये सरकारच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठवले. त्यांनी सुरक्षित काळ मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवायचा. योजना फसली. (पुढे याच देशात सरकारी गोळीचे नाव ‘माला’ पडले!) १९६५ मध्ये ‘लूप’ आली: गर्भाशयात बसवायची नागमोडी प्लास्टिकची वस्तू. कानपूरला तिचा कारखाना निघाला, उद्दिष्टे ठरली, आणि वर्षा-दोन वर्षांत ती मोहीम मंदावली. मोठे कारण होते अतिरिक्त आणि अवेळी रक्तस्राव, आणि त्याकडे लक्ष द्यायला कोणीच नसणे.

२१/ हा स्राव दिल्लीच्या कागदांवर किरकोळ दुष्परिणाम होता. ज्या घरात ‘कावळा शिवला’ की बाईने बाजूला बसायचे, स्वयंपाकाला आणि देवाला हात लावायचा नाही, त्या घरात महिन्यातून बारा दिवस डाग दिसणे म्हणजे बारा दिवस संसार अडणे. शिवाय ते साऱ्यांना कळणार. नवऱ्याला, सासूला, शेजारणीला. आधीच रक्त कमी असलेल्या शरीराला तो खर्च परवडणाराही नव्हता. योजना आखणाऱ्यांनी गर्भ मोजले, रक्ताचे दिवस मोजले नाहीत.

१९९१ मध्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेली ‘सहेली’ ही स्टेरॉइड नसलेली गोळी आली. तीच आता ‘छाया’ या नावाने सरकारी केंद्रांत मिळते. तिच्यात इस्ट्रोजेन नाही, पण पाळी लांबते. अवेळी रक्ताच्या भीतीची जागा न येणाऱ्या रक्ताच्या भीतीने घेतली.

२२/ मग मासिक स्राव हवाच का? १९७७ मध्ये एडिंबरा येथे नॅन्सी लाउडन आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे स्त्रियांना गोळ्या सलग घेऊन वर्षात चारच स्राव येऊ देण्याची पद्धत देऊन पाहिली. बहुतेकींना ती आवडली. तरी बाजारात अशी तयार गोळी यायला २००३ उजाडले: अमेरिकेतील ‘सीझनेल’, ८४ गोळ्या आणि ७ दिवस खंड. २००७ मध्ये वर्षभर खंड नसलेली ‘लिब्रेल’ आली. २०१९ मध्ये ब्रिटनच्या लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेच्या तज्ज्ञसंस्थेने स्पष्ट सांगितले की सात दिवसांच्या खंडाचा आरोग्यास काही लाभ नाही. उलट खंड लांबला तर गोळीचे संरक्षण ढिले पडू शकते. सलग घेणाऱ्यांना आरंभी डाग अधिक दिसतात, ही अडचण मात्र जुनीच.

ब्राझीलचे डॉ. एल्सिमार कुतिन्यो यांनी तर पाळीच कालबाह्य झाली का, असा प्रश्न १९९९ च्या पुस्तकातून विचारला. मला तो पवित्रा फार घाईचा वाटतो. गर्भनिरोधक न वापरणाऱ्या समाजांत गरोदरपण आणि स्तनपान यांमुळे स्त्रीला आयुष्यात पाळ्या आजच्या शहरी स्त्रीपेक्षा पुष्कळच कमी येत, हे खरे. पण ‘जुने तेच नैसर्गिक’ म्हणून एक अनिवार्यता जावी आणि दुसरी यावी, असे का? कोणाला दर महिन्याला खात्री हवी असते, कोणाला सुटका. दोघींनाही आधी हे कळायला हवे की गोळीवर असताना दिसणारे रक्त कशाचे आहे.

२३/ शेवटी, मेक्सिको सिटीत १९५१ मध्ये बनलेल्या त्या नॉरएथिस्टेरॉनचे काय झाले? ते महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक औषध दुकानात आहे. गणपती, घरचे लग्न, सत्यनारायण किंवा वारी जवळ आली की ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ म्हणून ते मागितले जाते, पुष्कळदा डॉक्टरांना न विचारता. हे बरे नव्हे. गुठळीचा पूर्वेतिहास, यकृताचा विकार किंवा अर्धशिशी असलेल्या स्त्रीने तर ते विचारल्याशिवाय घेऊच नये. मोठ्या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. गोळी चालू असेपर्यंत अस्तर धरून ठेवले जाते. विसर्जन आटोपते, गोळी थांबते आणि दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो.